कॉलेज बदललं, अभ्यासाचं काय?

लेखमाला : मैदान आणि वर्ग – लेखांक ६

मागच्या लेखात आपण अकरावीच्या क्रीडा कोट्याची वाट पाहिली. प्रवेश झाला की बहुतेक घरांत सुटकेचा श्वास सोडतात. पण मूल खरंच चांगलं खेळत असेल, तर मोठा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. एखाद्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यानंतर समोरच्या कॉलेजचे सर त्याला बाजूला घेतात. ‘पुढच्या वर्षी आमच्याकडे ये. फी बघू, किट देऊ, टीम तगडी आहे.’ बोरिवलीच्या मुलाला वांद्र्याचं बोलावणं येतं, मुलुंडच्या मुलीला माटुंग्याचं. घरात आनंद होतो आणि त्या आनंदातच होकार जातो.

कोणत्या जागेवर खेळवणार, सराव किती वाजता, ग्राउंड कुठलं, हे सगळं त्या पहिल्या बोलण्यात ठरतं. राहिलेल्या केटीचं, म्हणजे नापास झालेल्या पेपरचं काय, मायनर विषय तिथे आहे का, हे त्या वेळी सहसा कुणी विचारत नाही. आजचा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नांबद्दल आहे.

बोरिवलीतली दोन उदाहरणं

खेळासाठी शाळा बदलणं मुंबईला नवीन नाही. रमाकांत आचरेकर सरांच्या सांगण्यावरून सचिन तेंडुलकर वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रमात गेला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. उपनगरांना जास्त जवळची आहेत ती बोरिवलीतली दोन उदाहरणं. दोन्हींच्या मागे एकच माणूस आहे : प्रशिक्षक दिनेश लाड.

रोहित शर्माचे आईवडील डोंबिवलीला राहत. घरची परिस्थिती बेताची, म्हणून रोहित बोरिवलीत आजोबा आणि काकांकडे वाढत होता. १९९९ च्या सुमारास काकांनी पैसे भरून त्याला क्रिकेटच्या शिबिरात घातलं. लाड सरांनी त्याला पाहिलं आणि आपण शिकवत होतो त्या स्वामी विवेकानंद शाळेत ये, असं सांगितलं. अडचण फीची होती. महिना २७५ रुपये घराला परवडणारे नव्हते. लाड सरांनी शाळेच्या व्यवस्थापनाकडे शब्द टाकून फी माफ करून घेतली. त्या शाळेत चार वर्षं आपल्याला एक पैसाही भरावा लागला नाही, हे रोहितने पुढे मुलाखतीत सांगितलं आहे.

शार्दूल ठाकूरची गोष्ट आणखी बोलकी आहे. तो पालघरचा. शालेय सामन्यात तो लाड सरांच्या संघाविरुद्ध खेळला आणि सरांनी त्याला आपल्या शाळेत मागितलं. पालकांना ते लगेच पटलं नाही. पालघर ते बोरिवली हे अंतर पन्नास किलोमीटरहून जास्त, आणि डहाणूपर्यंत लोकल तर २०१३ मध्ये सुरू झाली. शाळकरी मुलाने रोज तासन्‌तास गाडीत घालवले तर अभ्यास कधी करायचा, ही काळजी कुठल्याही आईवडिलांना वाटेल. लाड सरांनी त्यावर काढलेला मार्ग असा, की त्यांनी मुलाला आपल्याच घरी ठेवून घेतलं. सरांच्या घरात त्याचं खाणंपिणं, झोपणं, उठणं सुरू झालं. त्याच शाळेकडून खेळताना शार्दूलने हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेत एका षटकात सहा षटकार मारले.

या दोन्ही गोष्टी आपण ‘गुरूने हिरा ओळखला’ अशा सांगतो. त्या तशा आहेतच, आणि लाड सरांना पुढे द्रोणाचार्य पुरस्कारही मिळाला. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांत आणखी एक गोष्ट आहे. मुलाला बोलावणाऱ्या माणसाने बोलावण्याबरोबर येणारी जबाबदारीही उचलली. एका मुलाच्या फीचा प्रश्न होता, दुसऱ्याच्या प्रवासाचा. दोन्ही प्रश्न मुलावर किंवा त्याच्या घरावर टाकून सर मोकळे झाले नाहीत. शाळा बदलणं त्या मुलांना मानवलं, त्यात गुणवत्तेइतकाच वाटा या व्यवस्थेचा होता.

शाळेत अशी व्यवस्था त्यामानाने सोपी असते, कारण एकाच बोर्डाच्या शाळांत अभ्यासक्रम एकच असतो. आठवीचं गणित बोरिवलीत आणि दादरला वेगळं नसतं. कॉलेजात तसं नाही, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

खेळाडूची नोंद एकीकडे, विद्यार्थ्याची दुसरीकडे

फुटबॉलचं उदाहरण घेऊ. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची सेंट्रलाइज्ड रजिस्ट्रेशन सिस्टिम आहे. मैदानावर सगळे तिला सीआरएस म्हणतात. खेळाडूची नोंद तिथे ऑनलाइन होते, त्याला क्रमांक मिळतो. अंधेरीच्या एका क्लबातून तो दुसऱ्या क्लबात गेला, की ती बदली तिथेच मागितली जाते, मंजूर होते आणि नोंदवली जाते. कोण कोणत्या क्लबचा आणि केव्हापासून, याबद्दल वाद राहत नाही.

अभ्यासासाठीही आता अशी नोंद आहे. नव्या शैक्षणिक धोरणातून २०२१ मध्ये अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली. विद्यार्थ्याने मिळवलेली क्रेडिट्स त्याच्या खात्यात जमा होतात आणि सात वर्षांपर्यंत टिकतात. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत हे धोरण २०२४-२५ पासून लागू झालं. दर सेमिस्टरला २२ क्रेडिट्स, तीन वर्षांच्या पदवीला १३२. सहशालेय उपक्रमांच्या गटात खेळालाही जागा आहे, म्हणजे मैदानावरच्या कामाची थोडी दखल पदवीतही घेतली जाते. खेळाडूंसाठी ही चांगलीच गोष्ट आहे.

पण या दोन नोंदी एकमेकींना ओळखत नाहीत. क्लबच्या माणसाला मुलाच्या क्रेडिट्सशी देणंघेणं नसतं. कॉलेजच्या ऑफिसला तो कुठल्या क्लबकडून खेळतो हे माहीत नसतं. मुलाची प्रगती दोन्हीकडून मिळून कशी चालली आहे, हे पाहणारं एकही टेबल नाही. ते काम अठरा-एकोणीस वर्षांच्या त्या मुलावरच येऊन पडतं, आणि त्याचं सगळं लक्ष रविवारच्या मॅचकडे असतं.

नेमकं कुठे अडतं

पहिली अडचण विषयांची. खात्यात क्रेडिट्स असणं आणि नव्या कॉलेजने ती आपल्या अभ्यासक्रमात धरणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता प्रत्येक विद्यार्थ्याला मेजर विषयाबरोबर मायनर असतो, शिवाय कौशल्याचे, भाषेचे, मूल्यशिक्षणाचे छोटे अभ्यासक्रम असतात. पहिल्या कॉलेजात घेतलेला मायनर दुसऱ्यात नसेल, तर तो विषय बदलावा लागतो आणि मागचा भाग पुन्हा करावा लागतो. त्यातून मुंबईतली बरीच नावाजलेली कॉलेजं स्वायत्त आहेत. विलेपार्ल्याचं मिठीबाई, घाटकोपरचं झुनझुनवाला, मुलुंडचं वझे-केळकर ही त्यांपैकी काही. पदवी मुंबई विद्यापीठाचीच मिळते, पण अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजच्या स्वतःच्या. म्हणून स्वायत्त कॉलेजातून साध्या संलग्न कॉलेजात किंवा उलट जाताना पेपरला पेपर जुळेलच असं नाही.

दुसरी अडचण केटीची. पहिल्या वर्षाचे दोन पेपर राहिलेत आणि मुलगा दुसऱ्या वर्षाला नव्या कॉलेजात गेला, तर त्या पेपरांचे फॉर्म कुठे भरायचे? वेळापत्रक कोण सांगणार? जुन्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून तो बाहेर पडलेला असतो आणि नव्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर जुन्या पेपरची सूचना लागत नाही. फॉर्मची तारीख निघून जाते. मुलगा तिसऱ्या वर्षाला पोचतो, शेवटचं सेमिस्टर पास होतो, आणि मागच्या केटीमुळे पदवी अडकून राहते. मैदानाच्या कडेला उभं राहून वीस-बावीस वर्षांच्या खेळाडूंना विचारा. ‘टीवाय झालं, फक्त एक केटी राहिलीय’ हे उत्तर किती ओळखीचं आहे ते कळेल. ती एक केटी निघेपर्यंत नोकरीच्या अर्जावर पदवीधर लिहिता येत नाही.

तिसरी अडचण हजेरीची. मुंबई विद्यापीठात ७५ टक्के हजेरीचा नियम आहे. कॉलेजकडून किंवा विद्यापीठाकडून खेळायला गेलेल्या दिवसांसाठी सवलत मिळते, पण ती आपोआप मिळत नाही. सरांचं पत्र ऑफिसात पोचावं लागतं आणि शिक्षकांच्या नोंदीत ते दिवस धरले जावे लागतात. जुन्या कॉलेजात हे कुणाकडे न्यायचं ते मुलाला माहीत असतं. नव्या ठिकाणी पहिलं सेमिस्टर ओळख होण्यातच जातं. शिवाय क्लबसाठी खेळलेले सामने कॉलेजचे धरले जात नाहीत. डिफॉल्टरच्या यादीत नाव लागलं की मग धावपळ होते.

चौथी अडचण विद्यापीठच बदलण्याची, आणि ती खेळालाच फटका देते. आंतरविद्यापीठ स्पर्धा असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज भरवते. तिच्या नियमांत वयाची मर्यादा, बारावीनंतर गेलेली वर्षं आणि नियमित, पूर्णवेळ प्रवेश यांवर भर आहे. पदवी अर्धी सोडून एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी नव्या विद्यापीठाकडून खेळता येत नाही. पालकांची बदली यासारखे काही अपवाद आहेत, पण चांगल्या टीमसाठी आलो, हा त्यातला अपवाद नाही. आता मुंबईत ‘विद्यापीठ बदलणं’ म्हणजे गाव बदलणं नव्हे. विद्याविहारला सोमय्यांच्या आवारात २०१९ मध्ये सोमय्या विद्याविहार विद्यापीठ हे खासगी विद्यापीठ झालं. पार्ल्याला अभिमत विद्यापीठ आहे. मुलुंडहून सहा स्टेशनांवर असलेल्या विद्याविहारला प्रवेश घेतला, तरी तो कोणत्या विद्यापीठाचा आहे यावर पुढचं वर्ष खेळण्यात जाईल की बाहेर बसण्यात, हे ठरतं. गेटवरच्या नावावरून ते कळत नाही. प्रवेशपत्र वाचावं लागतं.

यातून वाट काढायला काही घरं मुक्त शिक्षण निवडतात, किंवा बारावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देतात. हजेरीचा प्रश्न त्याने सुटतो. पण पदवीला दूरशिक्षण घेतलं की नियमित विद्यार्थी ही अट तुटते आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेचं दार बंद होतं. ज्याला विद्यापीठाच्या टीममध्ये जायचंय त्याने हा रस्ता घेण्याआधी दहा वेळा विचार करावा.

दिवसाचे तास

नियमांइतकाच महत्त्वाचा आहे प्रवास. समजा, घाटकोपरला राहणारी एक मुलगी अंधेरीच्या क्लबात फुटबॉल खेळते. तिचा सराव होतो त्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलाजवळ आझाद नगर मेट्रो स्टेशन आहे. २०१४ मध्ये वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तेव्हा पूर्वेकडच्या मुलांना पश्चिमेकडचं मैदान पहिल्यांदा खऱ्या अर्थाने जवळ आलं. त्याआधी बस तरी पकडायची, नाहीतर दादरला उतरून लाइन बदलायची. पश्चिम उपनगरात दहिसर ते अंधेरी मेट्रो २०२३ मध्ये पूर्ण झाली, तिने बोरिवली-कांदिवलीच्या मुलांचं तेच काम केलं.

आता या मुलीला वांद्र्याच्या कॉलेजने बोलावलं. सकाळी साडेसहाला सराव, म्हणजे पाचला घर सोडायचं. नऊला वर्ग, दुपारी घरी, संध्याकाळी क्लबचा सराव, रात्री नऊला जेवण. अभ्यासाचा तास या दिवसात कुठे आहे? तो गाडीतच शोधावा लागतो, आणि गर्दीच्या वेळच्या लोकलमध्ये वही उघडायला जागा मिळत नाही. नव्या कॉलेजची टीम जुन्यापेक्षा सरस असेलही. पण रोजचे दोन तास जास्त गेले तर ते झोपेतून किंवा अभ्यासातून जाणार. झोप कमी झाली तर खेळही बिघडतो, हे कुठलाही प्रशिक्षक सांगेल.

जेमिमा रॉड्रिग्जच्या घरच्यांनी या प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं. खेळाच्या चांगल्या सोयी मिळाव्यात म्हणून ते सगळेच भांडुपहून वांद्र्याला राहायला आले. सगळ्यांना हे शक्य नाही. मात्र त्या निर्णयात एक शहाणपण आहे : शाळा, मैदान आणि घर यांतलं अंतर कमी करणं हीच त्यांनी पहिली गुंतवणूक मानली.

राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीमागेही हाच विचार आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव लहानपणीच पुण्याच्या प्रबोधिनीत गेला. राहणं, शिक्षण आणि सराव यांची सोय तिथे एकत्र होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालच्या फुटबॉल विश्वचषकात तो देशाकडून खेळला. रिक्षाचालकाच्या मुलाला हे जमलं, कारण गाव बदलताना शाळेची सोय त्याच निर्णयात धरलेली होती.

अमेरिकेतलं टोक

कॉलेज बदलण्याचा हा प्रश्न जगात सर्वांत मोठा झालाय तो अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये. तिथलं फुटबॉल वेगळं, हातात चेंडू घेऊन धावायचं. विद्यापीठांच्या सामन्यांना लाखभर प्रेक्षक बसतील अशी स्टेडियमं तिथे आहेत. तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘ट्रान्सफर पोर्टल’ सुरू केलं. खेळाडूने आपलं नाव तिथे टाकलं की इतर विद्यापीठं त्याच्याशी बोलू शकतात. पूर्वी फुटबॉलपटूने विद्यापीठ बदललं तर त्याला साधारण वर्षभर बाहेर बसावं लागे. २०२१ मध्ये एकदा बदलायची मोकळीक मिळाली आणि २०२४ मध्ये कितीही वेळा. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसेही घेता येऊ लागले, त्यामुळे चांगल्या खेळाडूंसाठी बोली लागल्यासारखी स्थिती झाली.

शिक्षणाचं तिथेही नुकसान होतं. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये दिलेल्या अहवालात असं दिसलं, की २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स नव्या ठिकाणी धरली गेली नाहीत. हा आकडा फक्त खेळाडूंचा नाही, सगळ्या विद्यार्थ्यांचा आहे. खेळाडूने दोनदा-तीनदा कॉलेज बदललं तर काय होत असेल, याचा अंदाज त्यावरून करता येतो.

तरीही तिथल्या नियमांत एक गोष्ट आपण घ्यावी अशी आहे. वरच्या गटातल्या खेळाडूने तिसरं वर्ष सुरू होताना पदवीचा ४० टक्के भाग पुरा केलेला असावा लागतो, चौथ्या वर्षाला ६० टक्के, पाचव्याला ८० टक्के. नाहीतर मैदानात उतरता येत नाही. म्हणून तिथल्या संघांना अभ्यासासाठी वेगळे मार्गदर्शक नेमावे लागतात. मुलगा नापास झाला तर टीमचंही नुकसान होतं. आपल्याकडे विद्यार्थी प्रवेशित आहे का, हे पाहिलं जातं. तो पदवीकडे किती सरकला, हे मात्र बोलावणाऱ्या सरांनी पाहायलाच हवं असं बंधन नाही. त्याची केटी ही त्याची एकट्याची अडचण राहते.

होकाराआधी

मुंबई विद्यापीठाशी आठशेहून अधिक कॉलेजं संलग्न आहेत. विद्यापीठाच्या फुटबॉल संघात जागा असतात वीसच्या आसपास. त्यांतले इंडियन सुपर लीगपर्यंत पोचणारे एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. मुलांचा उत्साह मोडायला हे सांगत नाही. खेळणारी बहुतेक मुलं पुढे बँकेत, रेल्वेत, पोलिसांत, शाळेत, एखाद्या व्यवसायात जाणार आहेत, आणि तिथे त्यांना पदवी लागणार आहे. खेळाच्या जोरावर मिळणाऱ्या सरकारी नोकरीलाही शैक्षणिक पात्रता सुटलेली नाही.

म्हणून टीसी काढण्याआधी पालकांनी मुलाबरोबर नव्या कॉलेजच्या ऑफिसात एकदा जावं. सर भेटतील, पण क्लार्कनाही भेटावं. माझी कुठली क्रेडिट्स इथे धरली जातील? मायनर तोच मिळेल का? जुन्या केटीचा फॉर्म कुठे भरायचा? हे कॉलेज नेमकं कोणत्या विद्यापीठाचं, आणि या वर्षी मला विद्यापीठाकडून खेळता येईल का? फी माफ म्हणजे नेमकी कोणती फी, आणि मला दुखापत झाली तर पुढच्या वर्षीही ती माफ राहील का? उत्तरं कागदावर घ्यावीत. तोंडी शब्द सर बदलले की संपतो.

शेवटचा प्रश्न सगळ्यांत जास्त मनावर घ्यावा. गुडघ्याचं लिगामेंट फाटलेला मुलगा सहा-आठ महिने मैदानाबाहेर असतो. खेळासाठी आणलेल्या कॉलेजात त्या काळात त्याला कुणी विचारत नसेल, तर ओळखीचे मित्र नाहीत, जुने शिक्षक नाहीत, अशा जागी तो एकटा पडतो. अभ्यास सुटतो तो बहुधा याच महिन्यांत.

कॉलेजांकडून मागायची गोष्टही साधी आहे. बाहेरून आणलेल्या प्रत्येक खेळाडूसाठी एका शिक्षकाचं नाव ठरवा. क्रीडा विभागातला माणूस नको, वर्गावर शिकवणारा हवा. महिन्यातून एकदा त्याने हजेरी, अंतर्गत गुण, केटी एवढं पाहावं आणि घरी फोन करावा. यासाठी वेगळा निधी लागत नाही, नवा नियमही लागत नाही. टीमची यादी जिमखान्याच्या बोर्डावर लागते, तिच्यात खेळाडूच्या नावापुढे त्या शिक्षकाचं नाव लिहिलं तरी सुरुवात होईल.

चांगल्या संधीसाठी कॉलेज बदलण्यात गैर काहीच नाही. ती संधी नाकारा, असं मी कुणाही मुलाला सांगणार नाही. पण त्याला बोलावणाऱ्या मोठ्या माणसांना सांगेन, की तुम्ही अख्ख्या मुलाला बोलावता आहात. त्याचा पाय हवा असेल तर त्याच्या पेपरांची काळजीही घ्यावी लागेल. बोरिवलीत एका शिक्षकाने ती घेतली होती, पगारी नोकरी आणि स्वतःचा संसार सांभाळून. संस्थांना ती घेता येणार नाही, असं म्हणायला जागा नाही.

पुढील लेखात : शासकीय नोकऱ्यांतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण. प्रमाणपत्राची पडताळणी कशी होते, अर्ज कुठे अडतात आणि दहावीपासून कोणते कागद जपून ठेवायचे.